सूनबाईंनी हाताने केलेलं कार्ड

मला कार्डं करायला आवडतात, हे मी एकदाच नको त्या माणसाला कळू दिलं, आणि त्याची फळं आजवर भोगते आहे.

माझं माहेर केजचं. वडील तहसीलसमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. कुणाचा फेरफार, कुणाचं रेशनकार्ड, कुणाचं प्रतिज्ञापत्र. एखाद्या ओळीत चूक झाली की तो हिरवा लेजर कागद वाया जायचा, आणि वाया गेलेला कागद माझा व्हायचा. चौथीत असताना शेजारच्या मैत्रिणीला कांजिण्या आल्या. तिच्याकडे जायची बंदी होती, म्हणून मी तिला कार्ड केलं. कागदाची मधून घडी घातली, बाहेर ज्वारीचं कणीस काढलं आणि आत लिहिलं, 'कारणे अर्ज सादर करते की तू लवकर बरी व्हावीस, ही नम्र विनंती.' मला वाटायचं, कागदावर काही मागायचं तर असंच मागतात. वडिलांनी ते वाचलं आणि चष्मा काढून कितीतरी वेळ हसले.

तेव्हापासून मला नादच लागला. घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा असायचा. त्यांतली सोनेरी नक्षी कापून मी कार्डावर चिकटवायची. गणपती कापला की आई ओरडायची, "देव कापायली कार्टी!" मग मी गणपती वगळून बाकीचं कापायची. कपाशीचं बोंड उकलून त्याची पाकळी, सीताफळाच्या बिया, उसाच्या पाचटाची सालं, काहीही चालायचं. मामाला नोकरी लागली, आत्याला मुलगी झाली, मैत्रिणीचा गणितात पहिला नंबर आला, प्रत्येकाला माझं कार्ड गेलं. हातात मोबाइल आल्यावरही मी कार्डंच करत राहिले. लोक म्हणायचे, येडी हाय. पण तेच लोक कार्ड टीव्हीच्या शेजारी उभं करून ठेवायचे.

बारावीनंतर मी चित्रकलेच्या पदविकेला गेले. दोन वर्षं केली की शाळेत चित्रकलेची बाई होता येतं, एवढंच माझं स्वप्न. ते काही फार मोठं नव्हतं. माझ्या बाकावर दिंद्रुडची एक मुलगी बसायची. तिचा डबा मी खायची, माझे ब्रश ती वापरायची. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं की एकाच तालुक्यात नोकरी बघायची. पहिलं वर्ष संपलं आणि मला तलवाड्याचं स्थळ आलं.

स्थळ मोठं होतं. पाण्याखालची जमीन, नवा बंगला, पुढे दोन गाड्या. सासऱ्यांना पंचक्रोशी आबा म्हणून ओळखायची. बैठकीला दोन्हीकडची पन्नासेक माणसं सतरंजीवर बसली होती. माझ्या वडिलांनी सगळ्यांसमोर एकच गोष्ट मागितली, पोरीचं शिक्षण अर्धवट राहायला नको. आबांनी मांडीवर थाप मारली. "शिकंल तेवढं शिकू द्या की. आमी कावून आडवू?" लगेच सुपारी फुटली. आयुष्यभर लोकांचं बोलणं कागदावर उतरवून देणाऱ्या माझ्या वडिलांनी हा एक शब्द तेवढा तोंडीच ठेवला. व्याह्याच्या शब्दाला कागद मागायचा म्हणजे अपमान, आणि मुलीकडची बाजू अपमान करत नसते.

लग्नानंतर सासरचे आधी म्हणाले, गौरी होऊन जाऊ दे. मग, ऊस जाऊ दे. मग, निवडणूक होऊ दे. असं करता करता एक वर्ष गेलं. नवऱ्याला विचारलं की तो म्हणायचा, "आबाला इचार." आबांना विचारायची सोय नव्हती, कारण ते बैठकीच्या खोलीत माणसांत असायचे आणि त्या खोलीत मी फक्त चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत जायची. कॉलेजच्या क्लार्कने फोनवर सांगितलं, अजून एक वर्ष चालेल, त्यानंतर पहिलं वर्षसुद्धा बाद.

मग मी माझ्या मते डोकं चालवलं. आबांचा वाढदिवस आला. गावभर फ्लेक्स लागले होते, प्रत्येकावर आबांचा हात जोडलेला तोच फोटो. मी त्यांना कार्ड केलं. कपाशीच्या पांढऱ्या पाकळ्यांचा फेटा, खाली पाचटाची काठी, बाजूला कणीस. देताना म्हणाले, "मला कार्डं करायला आवडतात, आबा. कॉलेजात हेच शिकत होते." कॉलेजची आठवण व्हावी म्हणून दुसरं वाक्य मुद्दाम जोडलं होतं. त्यांनी फक्त पहिलं ऐकलं.

कार्ड घेऊन ते बैठकीत गेले. आतून मला ऐकू येत होतं. "सूनबाईनं हातानं केलंय. बाजारात असलं मिळतंय का बघा." प्रत्येकाच्या हातातून कार्ड फिरलं. खरं सांगते, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मी फुगले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा स्वतः स्वयंपाकघरात आले, जिथे ते कधी येत नसत. "माय, असंच एक साहेबासाठी कर. उद्या त्येंचा वाढदिवस हाय."

साहेब म्हणजे आमदार. त्यांना कार्ड आवडलं म्हणे. झालं! शाल, नारळ, फेटा सगळेच देतात, पण हाताने केलेलं कार्ड फक्त आबा देतात, हे जिल्ह्यात पसरलं. आधी आठवड्याला एक, मग दिवसाला तीन. सोसायटीचा चेअरमन, त्याची बायको, ठेकेदाराचा जावई, बदलून आलेले अधिकारी, निवडून आलेला, पडलेला. पडलेल्यालाही कार्ड जायचं, पुढच्या वेळी तो उपयोगी पडतो. मला वरच्या मजल्यावर एक खोली दिली, टेबल दिलं, कूलर दिला. नवऱ्याने रंगीत कागदांची रिमं आणून टाकली. कार्डाखाली चिकटवायच्या पट्ट्या मात्र छापून यायच्या. आबांचा फोटो, खाली 'शुभेच्छुक' आणि भावकीतली अकरा नावं, मानाप्रमाणे वरून खाली. त्यात माझं नाव नव्हतं. बाईमाणसाचं नाव कुणी टाकत नाही, आणि मी टाका म्हटलंही नाही.

सासूबाई जेवण घेऊन वर यायच्या. एकदा माझ्या हातातलं कार्ड निरखून म्हणाल्या, "एवढं चांगलं करू नको गं पोरी."

"का हो आत्याबाई?"

"मी नवी असताना एकडाव धपाटे लई चांगले केलते. आलेल्या माणसानं नाव घेतलं. तीस वरसं झाली, चुलीवरचा तवा उतरला न्हाई."

त्या हसल्या नाहीत. मीही हसले नाही. त्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी जेवढं चांगलं कार्ड करते तेवढी माझी कॉलेजला जायची वाट लांब होते. चांगलं काम करून परवानगी मिळेल असं मला वाटत होतं. काम चांगलं होतं म्हणूनच ती मिळणार नव्हती.

दिंद्रुडची मैत्रीण पदविका पूर्ण करून एका खाजगी शाळेत लागली होती. तिचा फोन आला. "माझ्या वाढदिवसाला तुझं कार्ड न्हाई आलं. पैल्यांदाच." मला लाज वाटली. जिल्हाभर कार्डं वाटणाऱ्या बाईला स्वतःच्या मैत्रिणीसाठी कार्ड करायला सवड नव्हती. मी दोन दुपारी बसून तिच्यासाठी एक केलं. आमचा बाक काढला, बाकावर एकच डबा आणि दोन चमचे. आत काही लिहायच्या आधी भाकरी टाकायला खाली गेले. वर आले तर कार्ड नाही. आबा येऊन घेऊन गेले होते. एका आडत्याच्या मुलीला डब्याचं चित्र आवडेल म्हणाले. पट्टी त्यांनी स्वतःच चिकटवली. त्या रात्री मी जेवले नाही, आणि कुणी कारण विचारलं नाही.

मग मी वाईट कार्डं करायला लागले. मुद्दाम. कणीस वाकडं, डिंक बाहेर आलेला, अक्षरं तिरकी. वाटलं, आता तरी नको म्हणतील. कुणाच्याही लक्षात आलं नाही. उलट एक जण म्हणाला, "हातानं केलंय हे लगेच कळतंय." अशा लोकांपुढे काय डोकं फोडायचं!

त्याच दिवसांत शेजारच्या गावातला एक मोठा शेतकरी वारला. आबांच्या मनात आलं की दहाव्याला पण कार्ड न्यावं, दुःखाचं. इतर पुढारी रिकाम्या हातांनी येतात, आपण काहीतरी वेगळं करू. मी म्हणाले, "आबा, दहाव्याला कार्ड नेत नाहीत." ते म्हणाले, "न्हेत न्हाईत म्हणूनच न्यायचं." मी करड्या कागदावर विझलेली समई काढली आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. ते कार्ड मात्र मनापासून केलं, कारण मेलेल्या माणसावर माझा राग नव्हता. घाईत निघताना नवऱ्याने सवयीने खाली पट्टी चिकटवली. हसरा फोटो, 'शुभेच्छुक' आणि अकरा नावं. मी बघितलं. सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. आता घोटाळा होऊ दे म्हटलं, एकदाचा होऊन जाऊ दे.

नदीकाठी पिंडाला कावळा शिवायची वाट बघत बसलेल्या शंभर माणसांत ते कार्ड मयताच्या थोरल्या मुलाच्या हाती पडलं. त्याने वाचलं, आणि शेजारच्याला दिलं. हळूहळू बाप्ये उपरण्यात तोंड लपवून हसायला लागले. आबा घरी आले ते लालबुंद होऊन. नवऱ्याला काही बोलले नाहीत. मला बोलावलं. "वरीसभर कॉलेज केलंस म्हणतीस. दुःखाच्या कागदावर काय लावावं, काय न्हाई, एवढं बी शिकवलं न्हाई का तिथं? कशाला पायजे मग आजून शिक्षण?"

चांगलं केलं तर त्यांना मला सोडवत नाही, आणि वाईट झालं तर शिकून उपयोग नाही. माझ्या वाट्याला तिसरी वाट उरली नव्हती. आठ दिवस कार्डं बंद राहिली. नवव्या दिवशी यादी पुन्हा वर आली.

अर्जाची शेवटची तारीख जवळ आली. यंदा गेलं की पहिलं वर्षही जाणार होतं. मैत्रिणीने मला कोरा अर्ज पाठवून दिला आणि फोनवर म्हणाली, "तू चार भिंतींत मागायलीस म्हणून मिळंना. चार लोकांत माग." चार लोकांत मी जाऊ शकत नव्हते. माझं कार्ड मात्र रोज जात होतं.

आबांच्या पुढच्या वाढदिवसाला मी तोपर्यंतचं सगळ्यात देखणं कार्ड केलं. आबांना चष्म्याशिवाय वाचता येत नसे आणि लोकांत ते चष्मा लावत नसत. कार्ड मोठ्याने वाचून दाखवायचं काम गावातल्या निवृत्त हेडमास्तरांचं असायचं. त्या दिवशी अंगणात मांडव होता. हार, फेटे, पेढे, पाहुणे. नवऱ्याने कार्ड नेऊन दिलं. मी माजघराच्या दाराआड उभी राहिले आणि पदराचं टोक दातात धरलं. हेडमास्तरांनी खाकरून सुरुवात केली.

"आदरणीय आबा, आपण शब्दाचे पक्के आहात, हे पंचक्रोशी जाणते." वा वा झालं. "माझ्या लग्नाच्या बैठकीत आपण पन्नास माणसांसमोर शब्द दिला होता, की पोरगी शिकेल तेवढं शिकू द्या." इथे हेडमास्तरांचा आवाज जरा खाली आला, पण थांबायची सोय राहिली नव्हती. "दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाची मुदत येत्या सोमवारी संपते. अर्ज सोबत जोडला आहे. प्रवेश घेऊ द्यावा, ही नम्र विनंती. आपली सून."

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. मग आबांचं हसू ऐकू आलं, अगदी पोटातून आलेलं. "बघा! अर्जनवीसाची पोरगी हाय शेवटी! चारचौघांत धरलं मला." लोक हसले. "अरे, शब्द दिलाय तर दिलाय. सोमवारी प्रवेश व्हनारच!" टाळ्या पडल्या. कुणीतरी आबांचा कार्ड हातात धरलेला फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो गावभरच्या मोबाइलवर फिरला. खाली लिहिलं होतं, सुनेला लेक मानणारे नेतृत्व.

लिहिणाऱ्यांना काय लिहायचं ते लिहू दे, मी आनंदाने वेडी झाले होते. माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला, धुतला, उन्हात ठेवला. सकाळची एसटी किती वाजता गेवराईला पोचते, तिथून पुढची कधी, हे सगळं पाठ केलं. दोन ड्रेस इस्त्री करून ठेवले. सासूबाईंनी डब्याची पिशवी शिवून दिली, न सांगता.

सोमवारी नवरा एकटाच गेला आणि संध्याकाळी परत आला. फी भरल्याची पावती, माझ्या फोटोचं ओळखपत्र, सगळं टेबलावर ठेवलं. मी आबांना नमस्कार करायला गेले. म्हणाले, "उद्यापासून सकाळच्या गाडीनं निघते, आबा."

"कुठं?"

"कॉलेजला."

"रोज कुठं जातीस माय उन्हातान्हात?" ते खरोखर काळजीने म्हणाले. "मी बोललोय तितं. आपलाच मानूस हाय. हजरीचं ते बघतेत. तू परीक्षेला जा फकस्त. चित्रं काय, हितं वर खोलीत बसून काढ. कूलर हाय, टेबल हाय, आणखी काय लागतंय सांग."

मी प्रवेश मागितला होता, प्रवेश मिळाला होता. मला जायचं आहे, हे मी कार्डात लिहिलंच नव्हतं. इतकं सरळ होतं ते, की लिहायचं सुचलं नाही. आबा शब्दाला जागले होते आणि त्यांच्याशी भांडायला माझ्याकडे एक ओळ उरली नव्हती. वर येऊन मी बोर्ड भिंतीला टेकवला आणि दार लावून रडले. इतका राग मला त्यांचाही कधी आला नाही, जितका त्या दिवशी स्वतःच्या अक्षरांचा आला.

वर्षभर मी वरच्या खोलीत पदविका केली. सकाळी स्थिरचित्र, दुपारी चेअरमनच्या नातवाचं कार्ड, संध्याकाळी अक्षरलेखन. परीक्षेला नवरा गाडीने न्यायचा, फाटकाबाहेर थांबायचा आणि घेऊन यायचा. पहिल्या दिवशी वर्गात मुली एकमेकींचे रंग मागत होत्या, सरांची नक्कल करून हसत होत्या. शेजारच्या मुलीने मला विचारलं, "तुमी कुटल्या बॅचच्या?" मी म्हणाले, "तुमच्याच." तिने परत माझ्याकडे नीट बघितलं, आणि मग नम्रपणे मान हलवली.

मी प्रथम श्रेणीत पास झाले. नोकरीचं मी विचारलं नाही. घरातही कुणी विषय काढला नाही. आबांनी मात्र रविवारी अंगणात माझा सत्कार ठेवला. साहेब येणार होते. मांडव ठरला, फेटे आले, फ्लेक्स छापायला गेला. शनिवारी दुपारी नवरा वर आला, दारात घुटमळला.

"उद्यासाठी एक कार्ड लागंल."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. साहेबाच्या हातानं देयाचं हाय." मी हातातली कात्री खाली ठेवली तसा तो म्हणाला, "तुझ्याइतकं चांगलं आजून कुणाला जमतंय?"

त्याला वाटलं त्याने माझं कौतुक केलं. मी पांढरा कागद घेतला, घडी घातली. बाहेर काय काढावं कळेना, म्हणून काहीच काढलं नाही. आतलं पान उघडून विचारलं, "काय लिहू?"

"न्हेमीचंच की. पुढच्या वाटचालीला शुभेच्छा."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं.